उरलेले बूट

सगळी मुलं घरी गेली आणि शाळेच्या फाटकाशी एक आई उरली.

"सर, माझा कुठाय?"

सरांनी आधी बसमध्ये पाहिलं, मग बसखाली पाहिलं. मग ज्याचा काहीही उपयोग नव्हता ते केलं. सहलीची फाइल उघडून त्यांनी तिला कागद दाखवला. जाताना हजेरी घेऊन अठ्ठावीस, येताना मोजून अठ्ठावीस, दोन्हींपुढे सही. आईने कागदाकडे बघितलंच नाही. ती सरांच्या मागे बघत होती, मुलगा त्यांच्या पाठीशीच कुठेतरी लपला असावा तशी.

कागद खोटा नव्हता. तारांगणातून निघताना सरांनी स्वतः मोजणी केली होती. मागच्या बाकापासून पुढे, प्रत्येक डोक्यावर बोट टेकवत. ज्याच्या डोक्यावर बोट येईल त्याने आपला आकडा म्हणायचा, असा तो खेळ होता. दोनदा मोजलं, दोनदा अठ्ठावीस. आणि मोजणारे कोणी ऐरेगैरे नव्हते. दुसरीला गणित शिकवावं तर या सरांनीच. बाटल्यांच्या झाकणांवरून अंकगणित शिकवण्याच्या त्यांच्या पुस्तिकेला बक्षीस मिळालं होतं. दुसऱ्या शाळांचे शिक्षक त्यांचा तास बघायला येत आणि मागच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसत. सहलीला सरांनी आपली पाच वर्षांची मुलगीही बरोबर घेतली होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, आणि लेकीला आतापासून विज्ञानाची गोडी लागली तर बिघडलं कुठे?

एक आवाज मात्र उठला होता. निघताना चौथ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली होती. वर्गात तिचं नाव 'अंदाजे' पडलं होतं. म्हणजे ते सरांनीच पाडलं होतं. आठ आणि पाच किती, असं विचारलं की ती आधी सरांच्या तोंडाकडे बघायची आणि त्यांना किती हवेत याचा अदमास घेऊन उत्तर द्यायची.

"सर, एकजण राहिलाय."

"असं? मग मोज बघू. आणि हातात काय आहे ते ठेव आधी खाली."

तिने मोजलं. एकोणीसनंतर थेट बावीस आले. मग दोन जणांनी मुद्दाम जागा बदलल्या. शेवटी ती तेहतीसवर जाऊन थांबली. अख्खी बस हसली. सरही हसले, शिक्षकाला शोभेल इतपत.

"पाच जास्तच झाले की गं. त्यांना वाटेत उतरवू या का?"

ती खाली बसली. ड्रायव्हरने गाडी काढली.

आता तीच मुलगी आजोबांचं बोट सोडून फाटकाशी परत आली. तिच्या हातात काळ्या बुटांचा एक जोड होता. तो तिने सरांपुढे धरला.

"आत गालिचा होता म्हणून आपण बूट बाहेर काढले होते ना, सर. सगळ्यांनी आपापले घातले. हे उरले."

शाळा सुरू होते त्या आठवड्यातला तो पहिला धडा. कपाला बशी, बाटलीला झाकण. आकडे येत नसले तरी मोजता येतं. एकाला एक लावत जा आणि काय उरतं ते बघा. पुस्तिकेत हे वाक्य तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात होतं. वर्गात ते एका मुलीला समजलं होतं, आणि तिला सरांनी खाली बसवलं होतं. तिचं खरं नाव घेऊन तिला शाबास म्हणावं, असं सरांना वाटलं. नाव आठवेना.

आईने बूट हातात घेतले. डाव्या बुटाची नाडी तिने सकाळी स्वतः गाठ मारून जोडली होती. गाठ तिथेच होती.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. तारांगणाचा पहारेकरी होता. आईलाही ऐकू यावं म्हणून सरांनी आवाज मोठा केला.

"सर, तुमचा एक मुलगा इथेच आहे. गालिच्यावर झोपला होता, अंधारात कुणाला दिसणार? झाडायला गेलो तेव्हा पायाला लागला."

"रडतोय का हो?" आईने विचारलं.

"छे, मजेत बसलाय. घाबरलो मीच. उलट तोच मला समजावतोय. म्हणतो, काका, आमचे सर मोजतात. एक कमी भरला की येतीलच."

आई सरळ बसमध्ये जाऊन चढली. तिने चार शब्द सुनावले असते तर सरांना जरा बरं वाटलं असतं.

बस उलटी फिरली. आई मधल्या बाकावर, मांडीवर बूट घेऊन बसली. सर दाराशी उभे राहिले. इतक्या रिकाम्या बसमध्येही बसण्याइतका आपला हक्क आहे असं त्यांना वाटेना. मुलं सत्तावीस होती. मोजली अठ्ठावीस. तीही दोनदा. वरचा एक आला कुठून?

"मला तर नाही ना धरलंत, सर?" ड्रायव्हर आरशातून म्हणाला.

सर मागच्या बाकापाशी गेले. कोण कुठे बसलं होतं ते आठवत, रिकाम्या जागांवर बोट टेकवत पुढे येऊ लागले. आकडे पुटपुटत होते. पंचवीस. सव्वीस. दुसऱ्या बाकावर खिडकीशी, सत्तावीस.

पहिल्या बाकावर त्यांची लेक नुकतीच झोपेतून उठली होती. बाबांचं बोट आपल्यापर्यंत येण्याची तिने वाट पाहिली नाही. स्वतःचंच बोट स्वतःच्या डोक्यावर टेकवून ती म्हणाली, "अठ्ठावीस."