पाचवा दोर

पैनगंगेच्या काठी नावाडी बद्रुद्दीन जिवाच्या आकांतानं नाव बांधत होता. भरदुपारी आभाळ काळंठिक्कर पडलं होतं; तुफान कोणत्याही क्षणी येणार होतं. नाव गेली तर घरची चूलच विझणार होती.

"अजी, पाचवा दोर काहून बांधला?" काठावरून बायको खतीजाबीनं विचारलं.

"म्या तर चारच बांधले, बराबर झाडाला."

पाचवा दोर नावेच्या टोकापासून थेट डोहात गेला होता, ताठ. बद्रुद्दीननं नावेत चढून तो कोयत्यानं तोडला. वळून पाहतो तर त्याच जागी ओला दोर, त्याच्याच हातच्या गाठीचा.

"उतरा! सोडा ती नाव!" खतीजाबी किंचाळली.

तो तोडतच राहिला. डोहातल्या दोराच्या ओढीनं झाडाचे दोर एकामागून एक तुटले. वारा अजून सुटलाच नव्हता, तरी बद्रुद्दीनला घेऊन नाव धारेच्या उलट निघाली.