नजरेच्या टोकाला

"इथूनच माहेरी पोचवून देऊ का मंग तुले?" गिरजाबाईंनी सुनेला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बोट पुन्हा पडद्यावर टेकवलं.

आरमोरीतल्या दामिनीच्या फोटो स्टुडिओत चौघं होती. संगणकापुढं दामिनी. तिच्या खांद्यामागं मोकळ्या कपाळाच्या गिरजाबाई आणि त्यांचा मुलगा अमर. दाराजवळच्या बाकावर त्याची नवी नवरी, रिना. तिच्या तळहातावरची मेंदी आता फक्त नखांच्या कडेला उरली होती.

अल्बम छापण्याआधी दामिनीनं फोटो मोबाईलवर पाठवले होते. ते सासरी घरभर फिरले, आणि एका आत्यानं नेमकं टिपलं. माळ घालताना, अक्षता पडताना, सप्तपदीला, रिना कुठंच कॅमेऱ्याकडं पाहत नाही. तिची नजर दरवेळी डावीकडं, फोटोच्या कडेला, काळोखात. तिथं कोण होतं? शेजारच्या बायकांनी आपापली उत्तरं शोधली होती आणि प्रत्येकीच्या उत्तरात एखादा पोरगा होता. रिनाला विचारून विचारून घर थकलं. ती मान खाली घालून एवढंच म्हणायची, कोनीच नाई.

"अन् माहा पोरगा पाहा," गिरजाबाई दामिनीला म्हणाल्या. "एका फोटोत मान हलली नाई. सरळ समोर पाह्यते, राजावानी."

अमरनं लाजत शर्टाची कॉलर नीट केली.

दामिनीला आपल्या हाताचा भरवसा होता. जोडपं चांदण्यासारखं उजळ आणि मागचं सारं काळंभोर, ही तिच्या अल्बमची खूण. लोक त्यासाठीच तिच्याकडं येत. एका फोटोवर ती मनासारखा रंग बसवायची, मग सगळे फोटो निवडून तेच काम साऱ्यांवर एकदम चढवायची. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे ड्रम, पेंगुळलेली पोरं, सगळं एका फटक्यात काळोखात जायचं. म्हणजे तो काळोख मांडवातला नव्हताच. तिनं घातलेला होता. घातला तसा काढूनही दाखवते, ती म्हणाली.

गिरजाबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. एकेक फोटो उघडशील, नको ते पुसशील, हवं ते घालशील, त्यांनी सुनावलं. तुम्ही संगणकवाल्या तर मेलेल्या माणसालाही उभं करता. ते खोटं नव्हतं. याच अल्बमच्या पहिल्या पानावर रिनाच्या वारलेल्या बापाला दामिनीनंच जोडप्यामागं हसत उभं केलं होतं.

"एकेकाले हात नाई लावत, बाई," ती म्हणाली. "साऱ्यायले सारखंच करते. या मशीनले सासर कळत नाई अन् माहेरबी कळत नाई."

रिना बाकावरून उठली. "राहू द्या ना, ताई."

तिच्या त्या स्वरानं गिरजाबाईंचा संशय पक्का झाला. आता काऊन राहू द्या, त्यांनी मागं न वळताच विचारलं, आणि दामिनीला खूण केली.

दामिनीनं एका फोटोतला अंधार उघडला. मग सगळे फोटो निवडले आणि बटण दाबलं. तापल्या कढईत धानाच्या लाह्या फुटाव्यात तसे पडद्यावरचे चौकोन एकामागून एक पांढरे होत गेले.

डाव्या कडेला, जांभळीच्या डहाळ्या बांधलेल्या मांडवाच्या मेढीमागं, एक बाई उभी होती.

कुंता. रिनाची आई.

कन्यादान काका-काकूंनी केलं होतं. नवरा नसलेल्या आईची सावली पोरीच्या अक्षतांवर पडू नये, म्हणून कुंता दार लावून घरात बसली आहे, असं दोन्हीकडच्या पाहुण्यांना सांगितलं होतं. कुंता बसली नव्हती. माळेच्या वेळी ती मेढीमागं होती, अक्षतांच्या वेळी मेढीमागं, सप्तपदीलाही. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, मूठ तांदळानं भरलेली. आणि ओठ दरवेळी उघडे. मांडवात बायका गात होत्या, तेच गाणं ती काळोखातून म्हणत होती.

"तिनं शपथ घातली होती," रिना म्हणाली. "काई बरंवाईट झालं तं लोक तिचंच नाव घेतीन म्हने."

अमरनं मोठा श्वास सोडला. चला, मिटलं, तो म्हणाला, आणि मोटरसायकलची किल्ली हातात घेतली. दामिनीही खुर्चीत मागं रेलली.

गिरजाबाई हलल्या नाहीत. त्यांचं बोट डाव्या कडेवरून निघालं, जोडप्यावरून सरकत उजव्या कडेला गेलं. काळोख तिकडचाही गेला होता. तिकडच्या मेढीमागं, पाण्याच्या ड्रमाला लागून, एका खुर्चीवर आणखी एक बाई बसली होती. कपाळ मोकळं. मांडवातलं दिसावं म्हणून मान उंच केलेली. तिच्याही मुठीत तांदूळ होते. पुढच्या फोटोत तीच. त्याच्या पुढच्यातही तीच.

नवरदेवाची आई लग्नाला आली होती, पण तिनंही मांडवात पाऊल टाकलं नव्हतं.

गिरजाबाईंनी रिनाला हाताला धरून आपल्या शेजारी उभं केलं आणि पडद्यावरचा एकेक फोटो त्या पुन्हा पहिल्यापासून पाहू लागल्या. प्रत्येकात पोरगी काळोखातल्या आईकडं पाहत होती.

"अन् हा?" त्यांनी हळूच विचारलं.

त्यांचं बोट आता नवरदेवावर होतं. अमर साऱ्या फोटोंत सरळ समोर पाहत होता. राजावानी.