साडेछत्तीस

“साडेचौतीस झालं!” मुलीच्या बापाने दबक्या आवाजात, पण अख्ख्या विभागाला ऐकू जाईल असं सांगितलं आणि आकडा फोनवर टाइप केला.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या सिस्टरने नुसती मान डोलावली. आकडा खोटा नव्हता. सकाळी दहाला मुलीचं अंग साडेतेहतीस अंशांवर होतं, आता बारा वाजले होते. जन्मताना नाळ आवळली गेली, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, म्हणून तिला तीन दिवस थंड गादीवर ठेवलं होतं. थंड ठेवलं की मेंदूची पुढची हानी थांबते. निदान कधी कधी थांबते. आज तीच गादी तिला परत ऊब देत होती, तासाला अर्धा अंश, यंत्रात भरून ठेवल्याप्रमाणे. गादीवर नुसती उशी ठेवली असती, तर तीही चार वाजता साडेछत्तीसवर पोचली असती.

हे सिस्टरने पहिल्याच तासाला सांगायला हवं होतं. पण “चौतीस!” म्हणताना बापाचा चेहरा उजळला. जरा वेळाने सांगू, असं ती मनाशी म्हणाली. तोवर आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलाही होता. आता तिथे दर तासाला टाळ्या पडत होत्या. मामा होता, दोन आत्या होत्या, खालच्या मजल्यावर टाके सांभाळत पडलेली मुलीची आई होती. कुणी चुलतभाऊ तर “शतक ठोक, पोरी!” असं लिहून मोकळा झाला. बापाने ते सिस्टरला दाखवलं. ती हसली आणि त्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

शेजारी दुसरा पडदा होता. मुलीच्या डोक्याला लावलेल्या तारांमधून मेंदूची हालचाल त्यावर उमटायची. तिथे एक रेघ होती. परवा सपाट होती, काल सपाट होती, आज अंगात ऊब येत होती तरी सपाटच. त्या पडद्याकडे कुणी बघत नव्हतं. त्यावर आकडा नव्हता ना.

साडेतीनला आजी आत आली, मुलीच्या आईची आई. तीन दिवस ती बाहेरच्या बाकावर बसून पिवळी टोपी विणत होती आणि येत्या-जात्या सिस्टरशी भांडत होती. “आम्ही दूधसुद्धा एवढं गार ठेवत नाही गं, आणि तुम्ही लेकरू ठेवता?” शेवटी या सिस्टरनेच तिची समजूत काढली होती. साडेछत्तीस झालं की टोपी तुम्हीच घाला आजी, असा शब्द दिला होता.

“किती राहिलं?” आजीने विचारलं. टोपी तिने काखेत दाबून धरली होती.

“अर्धा तास. ती टोपी अशी का धरलीत?”

“गार लागायला नको तिला. एवढंही कळत नाही?”

चारला पाच मिनिटं असताना आजी कोपरापर्यंत हात धुवायला गेली. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी रेघेच्या पडद्याकडे पाहिलं, मुलीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि बापाला खिडकीपाशी नेलं. सिस्टरही मागोमाग गेली.

“उद्या एमआरआय करू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. मेंदूला फार इजा झालीय. आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्या तेच सांगतायत. श्वासाची नळी काढली तर ती स्वतः श्वास घेईल, असं मला वाटत नाही.”

“पण ती गरम होतेय, मॅडम. सकाळपासून होतेय.”

“ते यंत्र करतंय.”

“म्हणजे ती नाही?”

“नाही.”

बापाने सिस्टरकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो,” सिस्टर म्हणाली.

“डोक्याच्या तारा काढून टाका,” डॉक्टरबाई तिला हळूच म्हणाल्या. “आता त्यांचं काम नाही.”

शेवटची तार निघत होती, तेव्हा आजी हात पुसत परतली.

“अगंबाई, तारासुद्धा काढल्या!” तिने टोपी दोन्ही हातांत एकदा चोळली, श्वासाच्या नळीला धक्का लागू न देता ती मुलीच्या डोक्यावर चढवली. टोपी भुवयांपर्यंत आली. “जरा मोठीच झाली. असू दे. महिन्याभरात बरोबर बसेल.”

मग तिने मुलीचा पाय तळहातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघा, आली की नाही ऊब? पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतेय, लेकराला थंडी वाजतेय म्हणून. पण माझं ऐकतंय कोण!” ती जावयाकडे वळली. “आणि तुम्ही असे काय उभे? टाका की आकडा. सगळे तिकडे देव पाण्यात घालून बसलेत.”

डॉक्टरबाई काही बोलणार होत्या. बापाने हात वर करून त्यांना थांबवलं. फोन काढला. मग त्याने साडेछत्तीस लिहिलं.

फोन थरथरू लागला. टाळ्या येत राहिल्या, एकीवर एक. सगळ्यांत शेवटी खालच्या मजल्यावरून तिच्या आईने लिहिलं, “आता मला तिला मांडीवर घेऊ देतील ना?”