टरफलांच्या टोप्या

“ताई, हा मऊ पानांचा घ्या. युक्काच आहे, पण टोचत नाही. नातू रांगतोय म्हणालात ना?” नर्सरीवाल्याने दुसरी कुंडी पुढे सरकवली.

वृंदाताईंचं बोट मात्र पहिल्या युक्काच्या सुईसारख्या टोकावरच राहिलं. माहेरी, धरणाच्या कॉलनीत, फाटकापाशी अस्साच होता. मुरमाड जमिनीत बाकी सगळं करपायचं, हा पठ्ठ्या ऐटीत उभा. पोरांच्या डोळ्यांत जाईल म्हणून वडील तोडायला निघाले, तेव्हा आई आडवी आली. मग अंड्याच्या नावानेही नाक मुरडणारी ती बाई शेजारच्या फिलोमिनाकाकूंकडून टरफलं मागून आणायची, नाकाला पदर बांधून धुवायची आणि एकेका टोकावर टोपीसारखी बसवायची. लांबून झाड फुलल्यासारखं दिसायचं.

“हाच द्या,” वृंदाताई म्हणाल्या. “अंगणाच्या मधोमध लावायचाय.”

वाटेत त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी रिक्षा थांबवली आणि डझनभर अंडी मागितली.

ओळखीचा दुकानदार बघतच राहिला. “काकू, तुम्ही आणि अंडी?”

“आतलं तूच खा रे बाबा,” नाकाला पदर लावत त्या म्हणाल्या. “मला टरफलं दे.”