लोसेआत्याचं पान

विका मानाच्या चटईवर बसली आणि ओफा उठून उभी राहिली.

मांडवात अख्खं गाव जमलं होतं. चर्चच्या पाळकांची प्रार्थना आटोपली होती. भाजलेल्या डुकराच्या पिल्लांचा वास सुटला होता, नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूच्या पुड्या वाफाळत होत्या. ओफाचा एकविसावा वाढदिवस होता आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते.

"ही जागा लोसेआत्याची आहे," ओफा म्हणाली.

तिचा बाप सेमिसी कसनुसा हसला. "अगं, लोसेला काय कळतंय? ती घरी निवांत आहे. विकाही तुझी आत्याच ना?"

आत्या खरी, पण धाकटी. आमच्या टोंगा बेटांवर भावापेक्षा बहिणीचा मान मोठा आणि थोरल्या बहिणीचा तर सगळ्यांत मोठा. आमच्या गावात मानाच्या आत्याचं जेवण झाल्याशिवाय कुणी अन्नाला हात लावत नाही, अगदी पाळकसुद्धा. विकाने दोन घास खाऊन हात पुसला असता की सगळे सुटले असते.

थोरली लोसे निवांत पडली होती ती मागच्या खोलीत. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय ताठलेले, जीभ ऐकत नाही, घास गिळायला वेळ लागतो. डोकं मात्र शाबूत. विका तिला येताजाता भरवायची, चहात बुडवलेला पाव, तोही तिला आडवीच ठेवून. पातळ चहा भलतीकडे जायचा, ठसका लागायचा, लोसे घाबरून तोंड मिटायची. लगेच ताटली उचलून विका वर तोंड करून सांगायची, "चार घासांत पोट भरतं बिचारीचं. भूकच नाही तिला."

गाव माना डोलवायचं. दवाखान्यातली नर्स एकदा स्पष्टच बोलली होती, "हिला उठवून बसवा, घट्टसर भरवा, सावकाश भरवा. अशीच उपाशी राहिली तर ही जगायची नाही." तिचं कोण ऐकतं? बहिणीला देव्हाऱ्यात बसवल्याच्या गप्पा मारायच्या आणि तिच्या बरगड्या वर आलेल्या बघायच्या नाहीत. लाज वाटायला हवी होती आम्हाला. ऑकलंडहून शिकून आलेल्या ओफाला जे आल्या आल्या दिसलं, ते आम्हाला इतकी वर्षं दिसलं नाही.

"तिची लाळ गळते," विका दबक्या आवाजात म्हणाली. "चारचौघांत शोभतं का ते? आणि तिला भरवत बसलीस तर पंगत उद्या उठेल."

"उद्या उठू दे."

ओफा घरात गेली आणि चाकाची खुर्ची ढकलत आली. खुर्चीत लोसे होती, फ्रॉकमध्ये हरवलेली. विकाला कुणी ऊठ म्हटलं नाही. ती आपणच उठली.

ओफाने लोसेच्या पाठीशी उशी दिली, हनुवटी जराशी खाली घेतली. सुरण कुस्करला, त्यात अळू आणि मासा कालवला. छोटा चमचा. एक घास दिला की ती थांबायची. गळा हलला, तोंड रिकामं झालं, की मगच दुसरा.

पिल्लांवरची चरबी थिजली. पोरं कुरकुरायला लागली. पाळकांनी दोनदा घसा खाकरला. पण हात लावायची कुणाची छाती नव्हती. रीत मोडली तर नाक कापलं जातं. माणूस उपाशी ठेवून ते कापलं जात नाही, हे आमचं शहाणपण.

"चार घास कधीच झाले, ओफा," सेमिसी दात आवळून म्हणाला. "आता पुरे. पाहुणे बसलेत."

ओफाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने शेवटचा चमचा भरवला. लोसेचा गळा सावकाश हलला. ताटली चाटूनपुसून रिकामी झाली होती.

सेमिसीने सुटकेचा श्वास टाकला आणि पिल्लाकडे हात नेला. त्याच्यामागे मांडवातले सगळे हात पुढे झाले.

लोसेने तोंड उघडलं. मान वाकडी झाली, जबडा हलला, शब्द घासासारखाच तोंडात घोळत राहिला. शेवटी तो बाहेर आला. मागच्या ओळीलाही ऐकू गेला.

"अजून."

सगळे हात पुन्हा मांडीवर गेले.