निजलेल्याच्या नावानं

"निजलेल्याच्या नावानं फासे टाकू न्हाई, बाई," शेजारच्या म्हाताऱ्या झुंबरबाईंनी बजावलं होतं. औरंगाबादेला इंटर झालेल्या इंदुमतीनं ते हसण्यावारी नेलं.

जुन्या जालन्यात दुपारी बायकांचा फाशांचा खेळ तिच्याच ओसरीवर रंगे. डाव जिंकणारीपुढं चिंचोका ठेवायचं काम तिचं. आज रहिमाबी आली नव्हती. तिच्या जागी इंदुमतीनं आतल्या पाळण्यात निजलेल्या आपल्या तान्ह्याच्या नावानं गमतीत फासे टाकले.

बाळ जिंकलं. आत पाळण्याची दोरी करकरली.

ती लगबगीनं डोकावली. बाळ मूठ चोखत निजलं होतं. पाळणा हलतही नव्हता.

"घाबरली काय कॉलेजवाली!" सोनूबाई हसली. "टाक की मंग!"

इंदुमतीनं टाकले. पुन्हा बाळच जिंकलं. बाळाचे चिंचोके वाढू लागले, तशी प्रत्येक डावाला दोरी आणखी जड करकरू लागली. मग वरची तुळईही कण्हली.

इंदुमतीनं फासे खाली ठेवले.

करकर थांबली. आत पाळण्यातून कुणीतरी उतरलं. फरशीवर मोठ्या माणसाचं पाऊल वाजलं.

इंदुमतीला उठवेना. ती तुमच्याकडं बघतेय. "तुम्ही दाराशीच आहात ना? जरा आत बघा हो. माझं बाळ पाळण्यात आहे का?"