दम तुटला

शिट्टी वाजली आणि मैदान गप्प झालं. बरोबरीतल्या सामन्याची शेवटची चढाई होती. गावच्या संघाचा दिगंबर गडी मारून मध्यरेषेपर्यंत परतला होता, तरी पंच रेवतीबाईंनी त्यालाच बाद दिलं.

त्याचे वडील स्पर्धेचे आयोजक होते. ते तावातावाने आत आले. "बाई, सगळ्या गावानं बघितलं, पोरगं रेषेला टेकलंय!"

"टेकायच्या आधी 'कबड्डी' म्हणायचं थांबलं. दम तुटला."

"निकाल फिरवा, नाहीतर पुन्हा बोलावणार नाही."

"नका बोलावू. आज पंच मी आहे."

प्रेक्षकांतून चपला आल्या. बाई रेषेवरून हलल्या नाहीत. दिगंबर खाली मान घालून मैदानाबाहेर गेला.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दिगंबर मात्र बाईंच्या दारात उभा राहिला. हातात स्पर्धेतल्या आठही संघांच्या कप्तानांच्या सह्यांचं पत्र होतं. बाई पंच नसतील, तर कुणीच खेळणार नव्हतं.

"वडलांना दाखवलंस?"

"आधी त्यांनाच. तेव्हा दम तुटला होता, तेही सांगितलं. घराबाहेर काढलं त्यांनी."

बाईंनी दार सताड उघडलं. "आत ये, जेवून घे. उद्या दम तुटला, तर पुन्हा बाद देईन."